दहा टक्क्यांची प्रवासी

आम्ही अमेरिकेला गेलो ते ताईच्या ओढीने, असं मी ताईला सांगितलंय. खरं कारण हिशोबाचं होतं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर घेऊन बसलं, तर परदेशी जाणारी बरीच विमानं त्याचं मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्केच भाडं घेतात, हे मला ऑफिसात कळलं तेव्हा कन्या दहा महिन्यांची होती. म्हणजे नव्वद टक्के सूट! लक्ष्मी रोडवर एवढी सूट दुकानाला आग लागली तरी मिळत नाही. त्या दिवसापासून मी तिच्याकडे लेक म्हणून कमी आणि मुदत संपत आलेलं कूपन म्हणून जास्त बघू लागलो. तिने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा घरातले सगळे टाळ्या वाजवत होते. मी उरलेले महिने मोजत होतो.

आधी पासपोर्ट. फोटोचा नियम असा की मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड बंद. डोळे उघडे असताना तोंड बंद, हा योग आमच्या कन्येच्या बाबतीत जन्मापासून आलेला नव्हता. फोटोवाल्याने खुळखुळा वाजवला, बायकोने नसलेला काऊ दाखवला, आईने तेवढ्यात गालाला तीट लावली. ती पुसली, तर आईने पुन्हा लावली. शेवटी जो फोटो निघाला त्यात कन्या नुकतीच जामिनावर सुटल्यासारखी दिसते. अर्जावर सहीच्या जागी अंगठा, आणि मुलगी म्हणून उजव्या हाताचा. तीन पिढ्या मास्तरकी केलेल्या घराण्यातला हा पहिला अंगठा. घरी आल्यावर आजोबांच्या तसबिरीकडे बघायचं धाडस झालं नाही.

व्हिसाला सूट नाही. तान्हं बाळ असो की ऐंशीचे आजोबा, फी 185 डॉलर. त्यातून अमेरिकेचा कायदा असं धरून चालतो की येणारा प्रत्येक पाहुणा मुळात तिथेच ठाण मांडायला येतोय. तसं नाही हे पटवायचं काम पाहुण्याचं. कन्येला भारताशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी म्हणजे एक पाळणा, एक आजी आणि खालच्या मजल्यावरचं मांजर. तेवढ्यावर भागलं आणि दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. पासपोर्ट मात्र पाचच वर्षांचा. पासपोर्ट बाद झाला तरी त्यातला व्हिसा चालतो, तेव्हा अकरा वर्षांची घोडी झाल्यावरही ही विमानतळावर जावळ काढलेल्या गुळगुळीत डोक्याचा फोटो पुढे करून ‘ही मीच’ म्हणणार.

या सगळ्यात वर्ष गेलं. निघालो त्या दिवशी कूपनाचे छत्तीस दिवस उरले होते. मी परतीचं तिकीट तिसाव्या दिवसाचं काढलं. सहा दिवस हाताशी राखून. या दूरदृष्टीबद्दल मी बायकोकडून कौतुकाची अपेक्षा केली होती, असो.

बॅगा आईने भरल्या. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, वेखंड, जायफळ, शिवाय नाचणीचं सत्त्व, तेही कन्येच्या हाताशी हवं म्हणून केबिन बॅगेत. ताईच्या गावी, एडिसनला, ओक ट्री रोडवर हे सगळं मिळतं, असं मी म्हणालो. “मिळत असेल,” आई म्हणाली, “पण ते मेतकूट का?” याला उत्तर नसतं. अडचण अशी, की अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत 350 मिलिलीटरपेक्षा जास्त पूड असली की तिची वेगळी झडती होऊ शकते. आमच्याकडे किलोभर होती. तपासणारा जवान सांगलीकडचा निघाला. “नाचणी ना?” एवढंच म्हणाला. पण त्याच्या साहेबांना नाचणी म्हणजे काय ते कळेना. मी इंग्रजीत प्रयत्न केला, बायकोने हिंदीत. मागे साठ माणसं खोळंबलेली. शेवटी जवानालाच सुचलं. “सर, रागी.” साहेबांचा चेहरा उजळला. त्यांची आईही हेच देत असे म्हणे, आणि यात वेलची घाला, असा वर सल्ला मिळाला.

विमानात पुढच्या रांगेत भिंतीला पाळणा लावून मिळतो. त्याला वजनाची मर्यादा असते, आमच्या विमानात अकरा किलो. कन्या साडेअकरा. तो वरचा अर्धा किलो निव्वळ नाचणीचा. मग पंधरा तास मांडी. दहा टक्क्यांच्या तिकिटात विमान त्यांचं असतं, सीट मात्र आपल्याच हाडामांसाची, हे मला त्या रात्री उमगलं. वाचवलं कोणी म्हणाल तर पलीकडच्या रांगेतल्या आजींनी. सुनेच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी निघाल्या होत्या. “द्या इकडे, मलाही सराव होईल,” म्हणून त्यांनी तिला घेतलं ते तीन तास. सुनेला माझा निरोप सांगायचा राहिला: बाई, तुझं नशीब थोर आहे.

उतरल्यावर भावोजींनी गाडीतली बाळाची खुर्ची दाखवली. न्यू जर्सीत दोन वर्षांच्या आतलं आणि तीस पौंडांच्या खालचं मूल गाडीत तोंड मागे करूनच बसवावं लागतं. त्यामुळे कन्येने महिनाभर अमेरिका पाहिली ती निघून जाताना.

वेळेचा घोळ तर विचारू नका. रात्रीचे दोन म्हणजे पुण्याचे साडेअकरा, म्हणजे तिच्या वरणभाताची वेळ. पहिले पाच दिवस एडिसनच्या त्या निजलेल्या गल्लीत एकाच घरात दिवा जळत होता आणि कुकरची शिट्टी होत होती. शेजारचा गोरा म्हातारा सहाव्या दिवशी सकाळी “सगळं ठीक ना?” म्हणून विचारून गेला.

मग भेटी. अमेरिकेतल्या मराठी माणसाला ‘जवळच’ हा शब्द तीनशे मैलांपर्यंत चालतो. सगळ्यांना कन्येला भेटायचं होतं आणि कन्येला त्या वेळी झोपायचं होतं. त्यामुळे एका मित्राने तिला गाडीच्या काचेतूनच पाहिलं आणि ती कोणावर गेली आहे तेही ठरवलं. नायगारा दाखवा, हा सगळ्यांचाच आग्रह. सात तास गाडी हाणून धबधब्यापुढे उभं केलं, तर तिने पाठ फिरवली. गवतात एक खार होती. त्या खारीपुढे आम्ही पाऊण तास काढला. धबधबा मागे धो धो कोसळत होता, पण पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकासारखी कन्येने त्याची दखल घेतली नाही.

विसाव्या दिवशी ताईने बॉम्ब टाकला. “सहा दिवसांसाठी काय पळता? वाढदिवस इथेच करू.” बायकोचे डोळे भरून आले. आईने व्हिडिओवरून औक्षणाची वेळ काढली. मी तारीख बदलायला बसलो आणि पडद्यावर जो आकडा आला तो मला आधी दोन तिकिटांचा वाटला. परतीच्या दिवशी मूल दोन वर्षांचं झालेलं असेल तर त्याला मांडी चालत नाही, स्वतःची सीट घ्यावी लागते. त्या एका सीटच्या पैशांत मी वर्षभर जपलेली सूट गेली, वर व्याजही गेलं. ताईला मी हसून म्हणालो, पैशांचं काय एवढं!

वाढदिवसाला केक झाला, चाळीस माणसं आली. भेटींमध्ये बोलणारी बाहुली, गाणारा ट्रक आणि तीनचाकी सायकल. कन्येने सायकलीचं खोकं घेतलं आणि त्यात बसून राहिली.

परतीला तिची सीट खिडकीशी होती. निघताना पट्टा लावला तेव्हा तिने टाहो फोडला, दिवा विझताच माझ्या मांडीवर चढली आणि तिथेच झोपली. सीट रिकामी. थोड्या वेळाने तिच्या नावाचं जेवण आलं: मऊ पास्ता, कस्टर्ड, एक चिमुकलं चॉकलेट आणि रंगवायला हत्तीचं चित्र. मी डाव्या हाताने पास्ता संपवला. कस्टर्ड पुसून खाल्लं. चॉकलेट बायको झोपल्यावर खाल्लं. मुंबईला अजून अकरा तास होते. मी खडूची डबी उघडली आणि सोंडेपासून सुरुवात केली.