पावतीवरचे साहित्यिक

भोर-वेल्ह्यातल्या होतकरू लेखकाला काही प्रकाशक त्याच्याच पैशानं पुस्तक छापायचं जे 'पॅकेज' विकतात, त्यात आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचंही मोल लावलेलं असतं. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी फुकट देते. पण खरी गोम पुढेच आहे. छपाईआधीच नफा खिशात पडल्यावर पुस्तक खपवायची प्रकाशकाला गरजच काय? त्याचं गिऱ्हाईक वाचक नव्हे, लेखकच. कुणी म्हणेल, मोठे प्रकाशक नवख्याला दारात उभं करत नाहीत. खरंय. मग थेट छापखाना गाठावा. खर्च आपला, तशी विक्रीही आपली. वेल्ह्याचं नाव बदलून राजगड तालुका व्हायला सरकारदरबारी खेटे घालावे लागले. माणसाचा साहित्यिक व्हायला एक पावती पुरते, आणि प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली तोरणा गडासारखे अढळ राहतात.