टाइपवाला भाऊ

बार्शीटाकळीच्या बाजारात कृषी केंद्राच्या काउंटरमागे बसणाऱ्या भाऊला युरियाचा भाव विचारला तर तो सांगतो, पण आधी गिऱ्हाइकाकडे क्षणभर निरखून बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं, जुनी उधारी आठवतोय. तसं नसतं. तो टाइप ठरवत असतो. माल नेऊन पुढच्या हंगामापर्यंत दिसेनासा होणारा कास्तकार 'घोस्ट'. तहसीलमधला, कशानंच न वाकणारा बाबू 'स्टील'. मला त्यानं पहिल्याच भेटीत 'नॉर्मल' ठरवलं, आणि वर समजूतही काढली. "वाईट नोका मानू जी. नॉर्मलले भूत लागत नाई."

हे खरं आहे. पोकेमॉन या जपानी खेळातल्या प्राण्यांचे असे टाइप असतात, आणि त्यात घोस्टचा मार नॉर्मलला लागत नाही आणि नॉर्मलचा घोस्टला. का लागत नाही, ते खेळात लिहिलेलं नाही. भाऊचं निम्मं आयुष्य या न लिहिलेल्या जागेत गेलं आहे. "साध्या मानसाले भूत कायले लागन? त्याले सकायी उठून वावरात जा लागते. टाइम कुठी हाय त्याच्यापाशी?"

2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉनचं कार्टून हिंदीतून सुरू झालं तेव्हा भाऊ शाळेत होता. भारनियमनातून जेवढं दिसलं तेवढं त्यानं पाहिलं, आणि लाइट गेल्यावर राहिलेल्या भागाची कारणं आपली आपण जुळवली. ही सवय तिथूनच लागली असावी. पुढे मोबाइलवर गेम आले, लाइटही बऱ्यापैकी राहू लागली, सवय मात्र गेली नाही.

टाइप आता अठरा आहेत. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. इथवर कुणालाही पटतं, म्हणून भाऊ इथं रमत नाही. त्याला टाइपच्या तक्त्यातली अडचणीची घरं आवडतात. इलेक्ट्रिकचा मार ग्राउंडवर शून्य का, असं शाळा सुटल्यावर दुकानापुढे जमणाऱ्या पोट्ट्यांपैकी एकानं विचारलं. भाऊनं त्याला दुकानामागे नेऊन अर्थिंगचा खड्डा दाखवला. "मीठ अन् कोयसा टाकला यात. उन्हायात पानी बी टाकतो. करंट आला का गपकन गिळते. अन् तू म्हनतं, पिकाचूचा झटका डिगलेटले काऊन बसत नाई?" फायटिंगचा मार किड्यावर निम्मा, याचं उत्तर तर प्रात्यक्षिकासह: "चिलटाले बुक्की मारून दाखव." पोट्ट्यानं खरोखर मारून पाहिली. सायकिकवर किडा भारी कसा? विपश्यनेला बसलेल्या माणसाच्या कानाशी एक डास सोडा. बर्फ तो एका वाक्यात उरकतो. आग, दगड, लोखंड, पहिलवान सगळे त्याच्यावर भारी, आणि त्याला स्वतःला मार कमी लागतो तो फक्त बर्फाचाच. "अकोल्याच्या मे महिन्यात राहून हे मले इचारता?"

त्याचा खरा प्रांत म्हणजे किडा आणि विष. इथं तो खेळाडू राहत नाही, कृषी केंद्रवाला होतो. 1996 साली जपानमध्ये निघालेल्या पहिल्या गेममध्ये पॉइझनचा मार बगवर दुप्पट बसत असे. 1999 च्या गोल्ड-सिल्व्हर या गेमपासून तो साधाच बसू लागला. जगभरच्या खेळाडूंनी हा बदल मुकाट्यानं पाठ केला. भाऊला त्याचं कारण 2017 मध्ये सापडलं. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली होती. बोंडअळीला मारणारं प्रथिन पऱ्हाटीच्या झाडातच, म्हणून वऱ्हाडभर बीटी पसरली. काही वर्षांत गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि 2017 च्या हंगामात विदर्भातली बोंडं तिनं आतून पोखरली. काउंटरवर किडक्या बोंडांचा ढीग पडला तेव्हा भाऊ म्हणाला, "जपानवाल्यानं नव्याण्णवलेच सांगतलं होतं. आपुन वाचलं नाई." ज्याच्या डोक्यातून हा खेळ निघाला तो सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचा, हे कळल्यावर तर शंका उरलीच नाही. "किडे धरनारा मानूस हाय थो. त्याले मालूम रायते." त्याच बदलात किड्याचा विषावरचा मारही दुपटीवरून निम्म्यावर उतरला, हे मी एकदा काढलं, तर तो गोण्या मोजायला उठला.

मला विचाराल तर कंपनीला फक्त तराजू सारखा करायचा होता. पहिल्या गेममध्ये सायकिक कुणाला आवरेना, म्हणून 1999 मध्ये डार्क आणि स्टील हे दोन टाइप नव्यानं घातले. हे मी भाऊला सांगितलं. तो दुखावला नाही. त्याला माझी कीव आली. "हे कारन नाई जी, हा जीआर झाला. जीआरले बी कारन असते. थे मंत्रालयात रायते."

जीआरच्या वाटेनं गेलं की त्याला पुष्कळ गोष्टी सोप्या जातात. मॅग्नेमाइट हा पोकेमॉन आधी नुसता इलेक्ट्रिक. स्टील निघाल्यावर त्याच्या सातबाऱ्यावर दुसरं नाव चढलं. क्लेफेरी नॉर्मल होती. 2013 मध्ये फेरी टाइप आला आणि तिचा फेरफार झाला. सुडोवुडो दिसायला झाड, टाइपनं दगड. "कागदावर बाग, मौक्यावर मुरूम. असे गंज हायेत तालुक्यात." फेरीवर ड्रॅगनचा मार शून्य, हे मात्र त्याला सरकारी मार्गानं समजावं लागलं नाही. आजोबांच्या आवाजानं गल्ली हालते, आणि अडीच वर्षांची पुतणी त्यांच्या मांडीवर बसून मिशा ओढते.

एकटा ग्याराडोस त्याला झोपू देत नाही. मॅजिकार्प नावाची बिनकामाची मासोळी विसाव्या लेव्हलला ग्याराडोस होते. धबधबा चढून गेलेली मासोळी ड्रॅगन होते, अशी चिनी दंतकथा यामागे आहे. म्हणजे तो ड्रॅगन हवा. आहे वॉटर आणि फ्लाइंग. पंख नाहीत, आणि फ्लाय ही चाल त्याला शिकवताही येत नाही! पहिल्या गेममध्ये ड्रॅगन टाइप ड्रॅटिनीच्या एकाच घराण्यात होता. "सोसायटीच्या चेअरमनकीवानी," भाऊ म्हणतो, पण स्वतःचंच उत्तर त्याला पुरत नाही, हे दिसतं. एकदा गावातल्या कालंकादेवीच्या हेमाडपंती देवळात शके 1098 चा शिलालेख बघायला मी त्याला घेऊन गेलो. लेखाकडे तो बराच वेळ बघत राहिला, तेव्हा मला वाटलं यादवकाळानं त्याला धरलं. मग हळूच म्हणाला, "पंख नसन तर फ्लाइंग कसा काय?"

गेल्या रब्बीत एक काकाजी घाटेअळी पडलेल्या हरभऱ्याची डहाळी घेऊन दुकानात आले. "याच्यावर काय चालते, बावा?"

भाऊनं डहाळी उलटसुलट करून पाहिली. "फ्लाइंग."

मग वावरात टीच्या आकाराच्या काड्या रोवायच्या, त्यावर पाखरं बसतात, अळ्या टिपून खातात, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. शेतीतले जाणकारही हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला सांगतात, तेव्हा सल्ल्यात खोट नव्हती. दुकानाचे मालक, म्हणजे भाऊचे थोरले काका, आतून ओरडले, "अबे, इमामेक्टिन दाखव ना त्याईले! तुह्या फ्लाइंगपायी माल पडून रायला माहा!"

काकाजींनी दोघांकडे पाहिलं, तंबाखू मळली, चिमूट गालात धरली.

"पाखरं बरी हायेत," ते म्हणाले. "उधारीत भेटतीन काय?"