जळगाव–धुळे, मार्गे जावळ

आमच्या घरात ज्याचं वजन सर्वांत कमी त्याचं सामान सर्वांत जास्त, असा नियम बाळ जन्मल्या दिवसापासून लागू आहे. बाळाला नववा महिना लागला आणि आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, जाहीर केलं की आता जावळ. जावळ म्हणजे धुळे. आमची एकवीरादेवी तिथे देवपुरात पांझरेच्या काठी बसलेली, आणि बायकोचं माहेरही धुळ्याचंच. कुलदेवी आणि सासरे एकाच गावात असले की जावयाला तारीख पुढे ढकलायला जागा उरत नाही.

चैत्र चालू होता. जळगावात चैत्रातल्या दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर वसुलीवाला. म्हणून सहाची बस धरायची ठरली. सहाची बस धरायची तर चारला उठायला हवं. पण बाळानं आदल्या रात्री कोणाला झोपूच दिलं नाही, त्यामुळे उठायचा प्रश्न आपोआप मिटला.

सामान बांधण्यात दोन पक्ष होते. आजीचा पक्ष लंगोटांचा, बायकोचा डायपरचा. तडजोड म्हणून दोन्ही घेतले. शिवाय दुपटी, टोपडी, नाचणीचं सत्त्व, गरम पाण्याचा थर्मास, काजळाची डबी आणि ‘असू दे’ या सदराखाली येणाऱ्या असंख्य वस्तू. माझा एक शर्ट होता, तो दुपट्यांच्या खाली गेला आणि थेट परत आल्यावर सापडला. थोरलीनं स्वतःची पिशवी स्वतः भरली. तिच्यात काय आहे ते पाहू द्यायला तिनं नकार दिला.

थोरली म्हणजे साडेतीन वर्षांची. बाळ आल्यापासून तिला सगळे ताई म्हणतात. ही बढती तिला न विचारता दिली गेली, आणि तिच्यासोबत पगारवाढ तर नाहीच, उलट मम्मीच्या मांडीवरची जागा काढून घेण्यात आली. पाहुणे येतात, चहा पितात आणि जातात, एवढं तिला ठाऊक होतं. हा पाहुणा दूध पिऊन पुन्हा झोपतो, हे तिच्या हिशेबात बसेना. ‘‘हा कधी जाणार?’’ हे ती सुरुवातीला रोज विचारायची. मग विचारायचं थांबली. ती रुळली असं आम्ही समजलो. तिनं हे काम स्वतःच्या हातात घेतलं आहे, ते आम्हाला बसमध्ये कळलं.

कंडक्टर आला. हल्ली आमच्या कुटुंबाचं तिकीट काढणं हा एक सोहळाच असतो. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बायको अर्धी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून प्रवास मोफत, त्यामुळे आई फुकट. पाच वर्षांखालची दोघं फुकट. आयुष्यभर लग्नकार्यात वय चार वर्षं कमी सांगणारी माझी आई आता आधार कार्ड असं उंच धरते, की मागच्या सीटवरच्यालाही जन्मसाल वाचता यावं. कंडक्टरनं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं आणि माझ्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. बाळ आडवं झालं होतं, ताईला खिडकी हवी होती, तिच्या पिशवीलाही जागा हवी होती. पाच जणांत पूर्ण पैसे भरलेला मी एकटा, आणि उभाही मी एकटाच.

बांभोरीला गिरणेचा पूल लागला. ताईला नदीला टाटा करायचा असतो. चैत्रातली गिरणा म्हणजे वाळू आणि मधे कुठेतरी ओलसर शंका.

‘‘पप्पा, पाणी कुठे गेलं?’’

‘‘गावाला गेलं.’’

‘‘त्याचं पण जावळ आहे?’’

पुलापलीकडे विद्यापीठ. २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावानं लोक डॉक्टरेट मिरवतात, याचं मला फार बरं वाटतं. त्याहून मोठं आश्चर्य मात्र वेगळं आहे. ऐन उमेदीत वैधव्य आलं, तीन मुलं, शेत, जातं, चूल, आणि त्यात या बाईनं ओव्यांवर ओव्या रचल्या. मला दोन मुलांत किराण्याची यादी पुरी करता येत नाही. साखरेपर्यंत पोचतो, तेवढ्यात कोणीतरी पडतं.

पाळधी मागे पडली आणि ताईला भूक लागली. आपल्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-सावद्याहून केळी रेल्वेनं पार दिल्लीपर्यंत जाते. दिल्लीकरांना केळी खाण्यात काय अडचण येते, मला माहीत नाही. आमच्याकडे येते. केळं तिच्यासमोर सोलायचं नाही, तिनंच सोलायचं. पण तिला सोलता येत नाही, म्हणून आपण तिला न कळता सुरुवात करून द्यायची. मी सुरुवात करून दिली. बस खड्ड्यात गेली. केळं मधोमध मोडलं.

‘‘जोड!’’ ताई म्हणाली.

मोडलेलं केळं जोडता येत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिनंही शांतपणे ऐकून घेतलं आणि मग अशी किंकाळी फोडली, की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. सगळी बस मदतीला धावली. पुढच्या काकांनी दुसरं केळं देऊ केलं. तिला हेच हवं होतं. एका कॉलेजच्या पोरानं दोन तुकडे सालीत घालून, वरून साल बंद करून, ‘हे बघ जोडलं’ म्हणून दाखवलं. तो इंजिनिअरिंगचा असावा. ताईनं साल उघडली आणि भेग पाहिली. आजी म्हणाली, ‘‘आमच्या वेळी पोरं मिळेल ते खायची.’’ माझ्या माहितीप्रमाणे आजीच्या वेळी मी होतो, आणि मी फक्त साखर-पोळी खायचो. शेवटी केळं बाळाला कुस्करून दिलं. त्यानं त्यातलं निम्मं खाल्लं, उरलेलं माझ्या खांद्यावर ठेवलं. आपलं केळं बाळाला गेलं, हे पाहून ताई एकदम गप्प झाली. तिचा गप्पपणा मला आवडत नाही.

एरंडोल आलं. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं एरंडोलला पांडववाडा पाहतात, वाट वाकडी करून पद्मालयाला जातात आणि तिथल्या दोन गणपतींचं दर्शन घेतात. मी एरंडोलला डायपर बदलला. बस दहा मिनिटं थांबणार होती. नऊ महिन्यांचं मूल डायपर बदलताना पालथं पडून पळू लागतं, आणि एसटीच्या सीटवर त्याला पळायला जागा नसली तरी पळायची इच्छा असतेच. आजी म्हणाली, ‘‘लंगोट असता तर झालं असतं.’’ काय झालं असतं ते तिनं सांगितलं नाही.

इथेच एक म्हातारी चढली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात भरलेली पिशवी. आमच्या शेजारच्या सीटवर बसली आणि ताईचे सुजलेले डोळे पाहून म्हणाली, ‘‘काब्र रडी ऱ्हायनी वं माय?’’

ताईनं तिला नीट न्याहाळलं. मग अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, ‘‘आज्जी, तुमाला बाळ पाहिजे?’’

म्हातारी क्षणभरही गोंधळली नाही. ‘‘कोनता? हाऊ?’’

‘‘हा.’’

‘‘कितलाले देशी?’’

किमतीचा विचार ताईनं केला नव्हता. ती म्हणाली, ‘‘बिस्कीट.’’

‘‘बिस्कीट नही शे. दाना चालतीन का?’’

पिशवीतून खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा निघाला. सौदा ठरला. म्हातारीनं हात पुढे केले आणि बायकोनं, काय मनात आलं कुणास ठाऊक, बाळ तिच्याकडे दिलं. आणि रात्रभर आम्हा चौघांना जागवणारं ते मूल त्या अनोळखी मांडीवर पडल्या पडल्या झोपलं. ना गाणं, ना खुळखुळा. म्हातारीनं फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. बायकोनं डोळे मिटले. मला बसायला जागा मिळाली. ताई एकेक दाणा मोजून खात होती, म्हणजे ‘एक, दोन, पाच, दहा’ अशी. खरं सांगतो, एरंडोल ते पारोळा हा या महामार्गावरचा सर्वांत सुंदर पट्टा आहे. त्यात पाहण्यासारखं काय आहे ते विचारू नका, मी झोपलो होतो.

पारोळ्याला म्हातारी उतरायला उठली. बाळाला छातीशी धरून ताईला म्हणाली, ‘‘चाल, मी लई जास याले.’’

ताईनं बाळाला टाटा केला.

बायकोनं घाईघाईनं बाळ परत घेतलं. तेव्हा ताई हबकली. ‘‘मम्मी, मी दाणे खाल्ले ना!’’ पुडा रिकामा होता, व्यवहार पुरा झाला होता, आणि आईबाप उघड उघड लबाडी करत होते. बसमधले काही लोक तिच्या बाजूनं होते, असं मला वाटलं. म्हातारी हसत हसत पायरी उतरली. ‘‘ऱ्हाऊ दे वं. पुढला खेपले लई जासू.’’ ताईनं मान हलवली. उधारी तिनं मान्य केली.

पारोळ्याचा किल्ला खिडकीतून दिसायच्या आत ताईची पिशवी सीटखाली पडून तिच्यातून आमच्या घरातल्या टीव्हीचा रिमोट बाहेर आला. एक चप्पल, एक वाटी आणि रिमोट, एवढंच सामान तिनं घेतलं होतं. खरं तर आमच्या सगळ्यांपेक्षा तिचंच सामान आटोपशीर होतं.

धुळ्यात कोणी पत्ता विचारला तर सांगणं सोपं. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि पेठेचे रस्ते पट्टी ठेवून आखले. सासुरवाडी त्यातल्याच एका नंबरी गल्लीत. पुढे १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचेच दोन जिल्हे केले, पूर्वेचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. आमच्या लग्नानं दोन्ही पुन्हा एकत्र आले असं लोक म्हणाले. पण शेवभाजी कुणाची चांगली, हा विषय निघाला की सरहद्द लगेच आखली जाते.

त्या दिवशी सरहद्द बाळाच्या चेहऱ्यावर आखली गेली. गल्लीतल्या बायका जमल्या. नाक आमच्या आईनं जळगावसाठी राखून ठेवलं. कान सासूबाईंनी धुळ्याकडे घेतले; ‘‘आमच्या घरात सगळ्यांचे असेच,’’ म्हणून पुरावा म्हणून मामाला उभं केलं. कपाळावरून बराच वेळ वाद झाला. एवढ्यात बायकोची मावशी आली. ती नंदुरबारची. १९९८ साली नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हापासून तिथल्या माणसांना स्वतःचा हिस्सा स्वतः मागायची सवय झाली आहे. तिनं हनुवटी मागितली आणि घेतली. कोपऱ्यात बसलेल्या ताईच्या चेहऱ्यातलं काही कोणी मागितलं नाही. आजीच्या ते लक्षात आलं. ती मोठ्यानं म्हणाली, ‘‘आणि आमची ताई अख्खी माझ्यावर गेलीय.’’ ताईनं आजीच्या सुरकुत्यांकडे पाहिलं. तिला ते फारसं पसंत पडलं नसावं.

रात्री गच्चीवर ओळीनं गाद्या पडल्या. विनोबांनी १९३२ साली याच गावच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गुरुजींच्या वेगाचं कौतुक सगळे करतात. मला त्या तुरुंगातल्या शांततेचं वाटतं. गच्चीवर एक वाक्य पुरं बोलून दाखवावं, अशी कोणालाही पैज.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीरादेवी. दर्शन झालं. बाळ मामाच्या मांडीवर बसलं, आत्यानं केस झेलायला पदर पसरला, न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. बाळ रडेल म्हणून सगळ्यांनी तयारी केली होती: खुळखुळा, टाळ्या, मोबाइलवरचं गाणं. बाळ रडलं नाही. त्यानं न्हाव्याच्या मिशीकडे टक लावली आणि मामाच्या नव्या पँटवर अभिषेक केला. रडली ती ताई. वस्तरा चालू झाल्यापासून तिनं जो गळा काढला, तो देवळातल्या घंटेच्या वर जात होता. आजी म्हणाली, ‘‘बघा, भावाची माया.’’ चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ताई मात्र हुंदके देत मला विचारत होती, ‘‘माझे केस कधी कापणार? माझे पण. आधी माझे.’’

डोकं साफ झालं. धुऊन वर हळद लावली. पिवळंजर्द, गुळगुळीत, कान एकदम मोठे झालेले (सासूबाईंनी सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं). बाळाला ताईपुढे धरलं.

ताई एक पाऊल मागे सरकली. ‘‘हा कोण?’’

‘‘अगं, आपलं बाळ!’’

‘‘नाही. आपल्याला केस होते.’’

पुढचा तासभर आम्ही ओळख पटवण्यात घालवला. नाक दाखवलं, पायातले वाळे दाखवले, दात दाखवले. बाळ तिच्याकडे पाहून हसलं, हात पुढे करून तिची वेणी ओढली, म्हणजे रोजच्या सगळ्या खुणा दिल्या. ती ऐकेना. आत्याच्या पदरात वाकून पाहिलं, तिथे नुसते केस. न्हाव्याजवळ जाऊन म्हणाली, ‘‘काका, आमचं बाळ द्या.’’ न्हावी म्हणाला, ‘‘दिलं की, पोरी.’’ दाण्याच्या पुड्याला भाऊ विकलेली हीच का ती, असं मी बायकोला विचारणार होतो. पण बायको हसून हसून पायरीवर बसली होती.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसली, बाळापासून जमेल तेवढी दूर. निघताना सासूबाईंनी बिबड्यांची आणि कुरडयांची पिशवी दिली होती, ती मांडीवर घेऊन मीही यावेळी बसलो होतो. फागण्याला एक बाई चढल्या, टकलू बाळाला पाहून विरघळल्या, आणि ताईला म्हणाल्या, ‘‘किती गोड! तुझा भाऊ का गं?’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘हा धुळ्याचा आहे. आमचा घरी आहे.’’