डोपामिन मोजण्याची सोपी पद्धत (शेजाऱ्यांची परवानगी काढून)

साहित्य: डोपामिन हायड्रोक्लोराइड, ७.४ पीएचचे फॉस्फेट बफर, ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड, संदर्भ इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची तार, पोटेन्शिओस्टॅट आणि २० किलोहर्ट्झचा अल्ट्रासाउंड हॉर्न. एवढा उंच आवाज माणसाला ऐकू येत नाही, असे पुस्तकात वाचाल. पुस्तकवाल्याने हॉर्न कधी चालू केलेला नसावा. कानांत बोळे घाला.

आधी इलेक्ट्रोड घासा. ओल्या कापडावर ०.०५ मायक्रॉनची अल्युमिना घेऊन इंग्रजी आठचा आकडा गिरवत राहा. मराठी आठ गिरवलात तर एकच बाजू झिजेल. द्रावण ताजेच करा. रात्रभर उघडे राहिले तर सकाळी तपकिरी पाणी मिळेल.

आता हॉर्न न लावता मोजा. इलेक्ट्रोडपाशी डोपामिनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि त्याचा क्विनोन होतो. तोच तुमचा विद्युतप्रवाह. पण क्विनोन गुमान निघून जात नाही. तो स्वतःतच वळतो, भाऊबंद गोळा करतो आणि मेलॅनिनसारखा थर होऊन इलेक्ट्रोडवरच ठाण मांडतो. दुसरे माप पहिल्याहून कमी, तिसरे त्याहून कमी. या टप्प्यावर पोटेन्शिओस्टॅटला दोष द्यायची रीत आहे. देऊन घ्या.

मग हॉर्नचे टिटॅनियमचे टोक इलेक्ट्रोडसमोर धरा आणि सुरू करा. द्रवाचा झोत इलेक्ट्रोडवर आदळतो, एरवी रेणूंना रांगत पार करावा लागणारा थर काही मायक्रॉनवर येतो आणि प्रवाह उसळतो. पृष्ठभागाशी फुटणारे बुडबुडे सूक्ष्म फवारे मारून जमलेले किटण खरवडतात. आलेखातले शिखर जाऊन पठार येईल. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. टोक फार जवळ नेलेत तर मात्र किटणासोबत कार्बनही सोलला जाईल.

हुरळून जाऊ नका. हॉर्नला आप-पर कळत नाही. मेंदूतल्या पेशींबाहेरच्या द्रवात क जीवनसत्त्व डोपामिनच्या हजारो पट असते, ते जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देते आणि हॉर्न त्याचाही प्रवाह वाढवतो. त्याला अडवायला नॅफिऑनचा ऋणभारित लेप द्या. धनभारित डोपामिन आत येते, जीवनसत्त्व बाहेर ताटकळते. आता हॉर्न जोरात चालवलात की लेपही सोलून निघतो. द्रावण तापते, म्हणून भोवती गार पाणी खेळते ठेवा. टोक धातूचे आहे. विजेपासून अलग ठेवले नाही तर तेही इलेक्ट्रोड होऊन बसते.

हे सारे काचपात्रात. जिवंत मेंदूजवळ हॉर्न नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको, पण नवशिके वाचत आहेत म्हणून सांगितले. कॅन्सस विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटाने १९७३मध्ये उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड घातला, तोही हॉर्नशिवायच. आज तिथे ७ मायक्रॉन जाडीचा कार्बनतंतू वापरतात. सेकंदाला ४०० व्होल्टच्या वेगाने १.३ व्होल्टपर्यंत नेला की तो आपला पृष्ठभाग आपणच कोरून नवा करतो.

हॉर्नचे टोकही बुडबुड्यांनी झिजते. खडबडीत झाले की बदला. फक्त नव्या टोकाचा अर्ज नव्या इलेक्ट्रोडच्या अर्जाला जोडू नका. दोन्ही एकदमच नामंजूर होतात.