गुरुवारचा समुद्र

साऱ्या जगाचा वीकएंड शनिवार-रविवारी येतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांचा येतो गुरुवारी. विजेवर एकदम ताण पडू नये म्हणून उद्योगांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारांवर वाटल्या गेल्या आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी बायको ऑफिसात, पोरं शाळेत आणि गडी एकटा घरात पंखे पुसत बसलेला. रविवारच्या बारशालासुद्धा रजा टाकावी लागते.

पण या गुरुवारात पैसा दडलेला आहे, हे पहिल्यांदा ओळखलं आमच्या परचेसवाल्या साहेबांनी. कोकणातली जी खोली शनिवारी अडीच हजारांखाली बोलत नाही, ती गुरुवारी सोळाशेला गप्प येते. साहेबांनी लगेच सहा जणांची सहल काढली. माणशी दोन हजार, एक रुपया वर नाही. परवडत नव्हतं असं नव्हे, तत्त्व होतं.

आधी ठिकाण. अलिबागला जायचं तर द्रुतगती मार्ग, आणि त्याचा मोटारीचा पूर्ण टोल 2023 च्या एप्रिलपासून 320 रुपये. "आपण तळेगावला चढणार, थोडा कमी बसेल," असं कुणीतरी म्हणालं. "समुद्र बघायला जायचंय, टोलनाका नाही," असं म्हणून साहेबांनी अलिबाग बाद केलं. मग ताम्हिणी घाटाने दिवेआगर. तिथल्या तीन घरगुती निवासांची कोटेशनं मागवली. "तुमचा बेस्ट रेट बोला" इथपर्यंत ठीक होतं, पण एका मालकाकडे त्यांनी नव्वद दिवसांचं क्रेडिट मागितलं. पलीकडून बराच वेळ नुसता कोंबड्याचा आवाज येत राहिला.

खरी गोची निघाली जेवणाची. सहापैकी चौघांचा गुरुवार कडक. समुद्रावर जायचं आणि वरण-भात खायचा! साहेब मात्र खूश, कारण मासळीचा खर्चच उडाला. तेव्हा टूलरूमच्या भाऊंनी तोडगा काढला: बुधवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की तडक निघायचं आणि बाराच्या आत सुरमई हाणायची. एक्सेलमध्ये नवी ओळ आली: 'मासे, बुधवार, माणशी एक थाळी.'

साडेतीनला पंच करून निघालो. देशभर गाड्या पुरवणारा आमचा पट्टा. त्या गाड्या चालवायला रस्ता मात्र कुणी बनवत नाही. तळेगाव चौकातून बाहेर पडेपर्यंत सव्वाचार. सीएनजीच्या रांगेत पाऊण तास, कारण पेट्रोल बजेटमध्ये नव्हतं. हिंजवडीला पोचलो ते बरोबर आयटीवाले सुटायच्या वेळी. तिथे भाऊंनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. माण, घोटावडे, पौड करत मुळशीला अंधार पडला. भजीसाठी थांबायची सूचना साहेबांनी फेटाळली. घाटात क्वालिटीच्या ताईंना उलटी झाली. त्यासाठी मात्र थांबलो, ते फुकट होतं. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग भेटला. त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, तेव्हा आमच्या अर्ध्या तासाच्या खोळंब्याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मग म्हसळा, बोर्ली पंचतन, आणि एकदाचं दिवेआगर. तेव्हा पावणेअकरा झाले होते.

खानावळीच्या काकूंनी चूल विझवली होती. आमची तोंडं बघून पुन्हा पेटवली. थाळ्या आल्या साडेअकराला. अशी शांत पंगत मी आयुष्यात पाहिली नाही. कुणी बोलेना, कुणी पाणी पिईना. भाऊ एका हाताने काटे काढत आणि दुसऱ्या मनगटाकडे बघत जेवत होते. ठीक बाराला ताईंनी ताटाबाहेर हात घेतला. "संपला बुधवार. लाइन स्टॉप." भाऊंच्या पानात अर्धी तुकडी तशीच. साहेबांनी काकूंना विचारलं, "एवढं रिजेक्शन आहे, बिलात काही कमी होईल?"

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "कसला संपला बुधवार? घड्याळ साहेबाचं, वार पंचांगाचा. वार बदलतो सूर्योदयाला. जेवा निवांत."

कुणीच वाद घातला नाही. पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतंच. फक्त आजवर कुणाला त्याची गरज पडली नव्हती. भाऊंनी आणखी दोन तुकड्या मागवल्या. मग कोळंबी. मग ताईंनी, उलटीने पोट रिकामं झालंय या वैद्यकीय कारणास्तव, भरलेलं पापलेट. पंचांग काकूंच्या बाजूला होतं आणि बिलही. साहेब तेवढे दाराशी उभे राहून पूर्वेकडे बघत होते.

गुरुवार स्वस्तात गेला. सुरूच्या बनात सावली फुकट, किनारा जवळजवळ रिकामा. बनाना राइडवाल्याने भाव आपणहून दोनदा उतरवला. सुवर्णगणेशाचं दर्शन घेतलं. 1997 साली सुपारीच्या वाडीत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा 2012 ला चोरीला गेला आणि घडवून पुन्हा 2021 ला बसवला. दानपेटीत टाकलेले पन्नास रुपये साहेबांनी 'अनफोरसीन'मध्ये लिहिले. दुपारी एका शाकाहारी घरगुती खानावळीत उकडीचे मोदक होते, पण सहा जणांत बाराच. आम्ही सकाळी उशिरा सांगितलं होतं. शेवटी साहेबांनी, घाऊक भाव पडतो म्हणून, पाच किलो रोठा सुपारी उचलली. त्यांच्या घरात सुपारी कुणी खात नाही.

एकूण खर्च माणशी दोन हजार सहाशे चाळीस. वरचे सहाशे चाळीस साहेबांनी 'पंचांग' या नावाखाली टाकले आणि अकाउंट्सने ते मान्य केले, कारण अकाउंट्सवालाही त्या पंगतीत होता.

तुम्ही निघणार असाल तर बुधवार-गुरुवारच धरा. जून-जुलै टाळा, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मोदकांचा आकडा आदल्या रात्रीच कळवा. आणि बजेट करणारा माणूस जेवायच्या वेळी किनाऱ्यावर फिरायला पाठवून द्या.