कशाचे टक्के, भाऊ?

चांद्यातल्या एका टपरीवर चहा दहाचा बारा झाला. मावशींनी पाटीवरचं शून्य पुसून तिथे दोन काढला आणि मुळशी तालुक्यातली त्या आठवड्यातली सगळ्यात प्रामाणिक भाववाढ जाहीर केली. प्रामाणिक अशासाठी, की आधी किती होते आणि आता किती, हे दोन्ही आकडे गिऱ्हाइकाला ठाऊक होते. टपरीच्या डोक्यावरच्या प्लॉटिंगच्या फ्लेक्सवर ही सोय नाही. ‘तीन वर्षांत शंभर टक्के वाढ!’ कशाच्या शंभर टक्के, कुठल्या दिवसापासून मोजून, कोणाच्या खिशात, हे फ्लेक्सवर मावलं नसावं. मोबाइल नंबर मात्र तीनदा मावलाय.

आपल्या भाषेत टक्क्याची अब्रू तशी गेलेलीच आहे. शंभर टक्के येतो म्हणणारा येत नाही, आणि ‘टक्केवारी’ म्हटलं की शाळेतला फळा नव्हे, रस्त्याचं टेंडर आठवतं. अपूर्णांकात वर अंश असतो आणि खाली छेद, हे सहावी-सातवीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढे आयुष्यात अंश तेवढा मोठ्या टायपात छापून येतो. छेद ज्याचा त्याने शोधायचा.

नांदे-चांद्याला लागून लवळ्याची टेकडी. तिच्यावर व्यवस्थापन शिकवणारी बडी विद्यापीठं. वर मुलं मीन, मीडियन, मोड घोकतात आणि खाली रस्त्याच्या कडेला गुंठ्यांचे सौदे होतात. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे खालच्यांना पाठ असतं. वरच्यांतल्या एकाला मी विचारलं तर त्याने फोन काढला. हसलो नाही. मलाही फोनवर सातबाऱ्याचा उतारा काढता येतो, वाचता येत नाही.

टेकडीबाहेरच्या कॉलेजांची गंमत आणखी न्यारी. 2024 साली राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएसला पहिल्यांदाच सीईटी लावली गेली. धंद्याचं शिक्षण घ्यायचं तर आधी आकडेमोड येते का ते बघू, असा सरळ हिशेब. पण जागा निघाल्या लाखाच्या वर आणि परीक्षा देणारी मुलं पन्नास हजारांच्या आत. म्हणून ऑगस्टात आणखी एक सीईटी घेतली. काही कॉलेजांनी त्याहून सोपा उपाय केला : अभ्यासक्रमाचं नावच बदललं, म्हणजे परीक्षेची भानगड नको. चाळणी लावायची आणि धान्य चाळणीपेक्षा कमी!

अशा परीक्षेतही पर्सेंटाइल निघतोच. घरच्यांनी फ्लेक्स लावला : ‘चि.ला 90 टक्के!’ टक्के नव्हेत हो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले नव्वद तुमच्या मागे किंवा बरोबरीला. पेपरात पन्नास टक्के मिळवूनही नव्वद पर्सेंटाइल येऊ शकतो, बाकीच्यांनी मनापासून साथ दिली तर. आणि जागा मुलांच्या दुप्पट असतील, तर दोन पर्सेंटाइलवाल्यालाही कुठे ना कुठे वर्ग, बाक आणि फीची पावती मिळतेच. तेव्हा फ्लेक्स त्याचाही लागायला हरकत नाही.

आता टेकडीवरून पलीकडे, पवनेच्या काठी बघा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागरची पाहणी केली आणि 1917 साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक छापलं. त्यात गावातल्या धारणेची सरासरी आहे : 1771 मध्ये 40 एकर, 1818 च्या सुमारास साडेसतरा, आणि 1915 च्या आसपास 7. जमीन कोणी उचलून नेली नव्हती. अंश जागच्या जागी होता; वाटण्या होत होत छेदात भाऊ वाढत गेले. भागाकार शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही, पण टेकडीवर बहुधा अमेरिकेतल्या कुठल्या तरी सोडा कंपनीचं उदाहरण देतात. त्या पिंपळे सौदागरात आज टॉवर आहेत. चांद्याच्या दिशेने तेच येताहेत, आणि सातबाऱ्यावरच्या नावांची रांग सहीसाठी उभी आहे.

जमिनीचे पैसे येतात, मग टेम्पो येतो. पैसे बांधकामात अडकलेले, म्हणून कर्ज. ‘बारा टक्के फक्त, फ्लॅट!’ लाखाचं कर्ज, वर्षाचं व्याज बारा हजार, बारा हप्ते, हप्ता 9,333 रुपये. छान. फक्त मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत अख्ख्या लाखावर बसतं. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर दर साडेएकवीसच्या घरात जातो. सावकार दरमहा शेकडा दोन म्हणायचा, म्हणजे वर्षाचे चोवीस. निदान ‘शेकडा’ म्हणताना छेद तरी उच्चारायचा.

छेदाची खरी कदर एजंटला. ‘आपले दोनच टक्के,’ तो म्हणतो. दोन विकणाऱ्याकडून, दोन घेणाऱ्याकडून, आणि दोन्हीकडे छेदात पूर्ण व्यवहार. कागदावर दाखवलेला नव्हे, खरा.

परवा टेकडीवरचाच एक पोरगा टपरीवर घासाघीस करत होता. ‘मावशी, दहाचे बारा म्हणजे तुम्ही वीस टक्के वाढवलेत. आता वीस टक्के कमी करा, फिट्टंफाट.’

मावशींनी गाळणं आपटलं. ‘बाराचे वीस टक्के गेले की नऊ साठ राहतात रे बाबा. माझा भाव दहाचा होता. चाळीस पैसे तुझ्या सरांकडून आण, मग बस.’

पोराने मुकाट बारा रुपये स्कॅन केले.