नालासाठी घोडा

पिकअप हे वाहन मुळात टोमॅटोचे क्रेट, सिमेंटच्या गोण्या आणि भाद्रपदात मंडळाचा गणपती वाहायला जन्माला आलं. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस भारतात आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि मागे हौदा असलेली गाडी थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेडान गाड्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. हायलक्स नावाच्या गाडीने २०१९ मध्ये डाकार रॅली जिंकली होती. त्या गाडीत आणि शोरूममधल्या गाडीत नाव सोडून फारसं काही सारखं नाही. पण नावाला पैसे मोजलेत म्हटल्यावर थोडं डाकार अंगात येणारच.

पुण्यातल्या एका गृहस्थांच्या अंगात ते आलं. निमित्त झालं मागच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगांचं. पिकअपचे पाटे माल भरलेला असेल हे धरून बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की खड्ड्यात गाडीचं मागचं अंग उडतं. पानशेतच्या पुढे एका कच्च्या वाटेवर गाडी उडाली, गृहस्थ उडाले आणि टाळू छताला लागली. गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड स्पर्धेचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेलेच होते. तिथले चालक गळ्यापासून कमरेपर्यंत जखडून बसतात. उपाय सापडला: कंपनीचा पट्टा काढायचा आणि रेसिंगचा हार्नेस बसवायचा.

लाल रंगाचा, चार पट्ट्यांचा, मधोमध फिरकीचं गोल बक्कल असलेला हार्नेस घरी आला आणि तिथून गॅरेजात गेला. मिस्त्रींनी तो हातात उलटापालटा केला आणि एकच प्रश्न विचारला, "बसवतो की साहेब, पण खांद्याचे पट्टे मागं बांधू कशाला?"

सगळी गोम या प्रश्नात आहे. खांद्याचे पट्टे खांद्यावरून जवळपास सरळ मागे जायला हवेत. फार तर वीसेक अंश खाली. डबल कॅबमध्ये मागे काय आहे? मागची सीट, मग पत्रा, मग काच, मग हौदा. तिथे पट्टा पेलेल असं काही नाही. मग पट्टे सीटमागे खाली जमिनीत बोल्टने आवळावेत, असं कुणालाही सुचतं. पण धडक बसली की असे पट्टे खांद्यांना खाली खेचतात आणि सगळा दाब मणक्यावर येतो. शिवाय नुसत्या पत्र्यात घातलेला बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. म्हणून मोटारस्पर्धांची जागतिक संघटना, एफआयए, सांगते की पत्र्यामागे किमान ३ मिलिमीटर जाड आणि ४० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी. मिस्त्रींकडे एक मोठा वायसर होता. "हा चालंल का?" त्यांनी विचारलं.

इथून घोडा खरेदी सुरू झाली. पट्टे बांधायला आडवा पाइप हवा, आणि पाइप घालायचा तर पाइपांचा पूर्ण पिंजरा, म्हणजे रोलकेजच बरा. कारण गाडी उलटून छत चेपलं तर साध्या पट्ट्यात माणसाचं धड बाजूला कलू शकतं. हार्नेस त्याला ताठच्या ताठ धरून ठेवतो, चेपणाऱ्या छताखाली. केज आला की डोक्याशेजारी लोखंड आलं, म्हणजे हेल्मेट आलं. धड जखडलेलं आणि हेल्मेटचं वजन घेऊन डोकं मोकळं, म्हणजे सगळा हिसका मानेवर. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेतल्या नॅस्कार मालिकेच्या डेटोनातल्या शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाचं हाड मोडल्याने दगावले. डोकं-मान धरणारं हॅन्स हे साधन त्यांनी लावलेलं नव्हतं. त्याच वर्षी नॅस्कारने अशा साधनाची सक्ती केली, २००३ मध्ये फॉर्म्युला वननेही. म्हणजे हॅन्सही आलं.

राहता राहिली सीट. चारच पट्टे असले की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि धडकेत माणूस त्याखालून पुढे घसरतो. म्हणून पाचवा पट्टा दोन मांड्यांमधून येतो. त्यासाठी सीटला भोक लागतं. "मारू का भोक?" मिस्त्रींनी उत्साहाने ड्रिल उचललं. गृहस्थांनी नव्याकोऱ्या लेदर सीटकडे पाहिलं आणि चहा मागवला. रेसिंगची सीट घालायची तर सीटच्या कडेची एअरबॅग जाते आणि डॅशबोर्डवर लाल दिवा कायमचा मुक्कामाला येतो. त्यातून स्पर्धांमध्ये अमेरिकेतल्या एसएफआय या मानक-संस्थेची चिठ्ठी असलेले हार्नेसचे पट्टे साधारण दोन वर्षांत बाद धरतात. घरचं लिंबाचं लोणचं त्याहून जास्त टिकतं.

तरी एकदा हौस म्हणून पार्किंगमध्ये उभ्या गाडीत पट्टे तात्पुरते अडकवून पाहिले. आवळल्यावर कळलं की दार ओढायला हात पोचत नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बाहेरून दार लावलं. एसीचं बटण लांब, काच खाली करायला बोटं ताणावी लागतात, आणि डावीकडून कोण येतंय ते पाहायला वाकता येत नाही. वॉचमनने सही करायला रजिस्टर पुढे केलं, तेव्हा काकूंनीच सही केली. "टोलनाक्यावर फास्टॅग अडला तर मी मागच्या गाडीतून येत जाऊ का?" त्यांनी विचारलं.

गृहस्थ जो पट्टा काढायला निघाले होते, तो तीन ठिकाणी धरणारा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी बनवला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. रोजच्या माणसाला एका हाताने लावता येईल असा पट्टा त्यांनी दिला आणि व्होल्वोने पेटंट सगळ्यांना खुलं केलं. आजचा पट्टा धडकेच्या क्षणी आधी आवळतो, मग थोडा सैल सोडतो आणि छाती एअरबॅगच्या स्वाधीन करतो. हार्नेसला हा समजूतदारपणा नाही.

आपल्याकडे मात्र दोन टोकं नांदतात. एकाला पाच पट्टे हवेत, दुसऱ्याला एकही नको. पट्टा न लावता अलार्म गप्प करणाऱ्या क्लिपा इतक्या खपत होत्या की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला सांगावं लागलं. पट्टा न लावल्यास हजार रुपयांचा दंड असूनही लोकांनी पदरचे पैसे खर्चून क्लिपा घेतल्या होत्या.

तेव्हा हार्नेसची हौस असेल तर ती मैदानावर, केज, हेल्मेट, हॅन्स आणि योग्य सीटसकट करा; अर्धी करू नका. रस्त्यावर कंपनीने दिलेला पट्टा काढू नका, तो लावा. आणि कच्च्या रस्त्यावर टाळू छताला लागत असेल तर आधी वेग कमी करून बघा. त्याला भोक पाडावं लागत नाही.